मुरमाचा वारसा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांनी मला आठवीत भूगोल शिकवला. पहिल्याच तासाला ते वर्गात आले ते हातात घमेलं घेऊन. घमेल्यात मुरूम होता, शाळेच्या मागं कंपाऊंडचं काम चाललं होतं तिथला. टेबलावर घमेलं ठेवून त्यांनी विचारलं, "हा दगड की माती?" अर्धा वर्ग दगड म्हणाला, अर्धा माती. सर म्हणाले, "चुकलं कोणीच नाही. तेव्हा वर्षभर याच्याकडे बघू." आणि खरंच ते घमेलं वर्षभर कोपऱ्यात राहिलं. मार्चपर्यंत त्यात शिपायाच्या कृपेनं थोडी राखही जमा झाली होती.

आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा कार्यवाहांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली, "मुरूमच ना?" मी म्हटलं, मुरूमच. आणि जांभा. आणि घाटातल्या कड्यांमधून दिसणारा तो लाल पट्टा. ज्वालामुखीचा खडक झिजतो, कुजतो, गंजतो, तेव्हा त्याचं जे काही होतं ते सगळं. त्यालाही वारसा म्हणावं आणि त्यातल्या काही जागा जपाव्यात, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात ताज्या दगडापासून करू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात या प्रदेशाच्या भूरचनेवर लिहिलं. तेव्हापासून 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रुळलं. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. आपल्या डोंगरांकडे लांबून पाहिलं तर नाव ठेवणाऱ्यानं नीट पाहिलं होतं हे पटतं.

आता हा जिना का दिसतो? सगळा दगड सारखाच टणक असता तर डोंगराला एकच सरळ उतार आला असता. पण प्रत्येक लाव्हाथराचा मधला भाग घट्ट असतो आणि माथ्याचा भाग सच्छिद्र, बुडबुड्यांनी भरलेला. माथा लवकर कुजतो, मधला भाग कड्यासारखा उभा राहतो. कुजलेला भाग मागं सरकला की तिथं सपाटी तयार होते. गडाची माची बहुधा अशाच सपाटीवर बसलेली असते. राजगडाच्या माच्यांचं आपण कौतुक करतो ते बांधणाऱ्याचं. ते योग्यच आहे. फक्त त्या बांधणाऱ्याला जागा कोणी करून दिली, तेही एकदा बघावं.

दगड कुजतो म्हणजे काय होतं, हे जवळून पाहायचं तर कुठल्याही जुन्या रस्त्याच्या कापात जावं. पिवळसर तपकिरी मुरमात नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोळे बसलेले दिसतात. एखादा गोळा हातात घ्या. बाहेरचा पापुद्रा नखानंही निघतो, बोटांत घेतला की भुगा होतो. त्याच्या आतला पापुद्रा जरा चिवट, त्यावर तांबूस डाग. त्याच्या आत आणखी एक, करडा. असे चार-पाच पापुद्रे सोलले की आत मुठीएवढा काळा दगड लागतो. त्याच्यावर हातोडी मारली तर टणत्कार होतो. बाहेर माती आणि आत साडेसहा कोटी वर्षांचा कातळ, मधलं अंतर वीतभर. सर म्हणायचे, हा कांदा आहे, पण सोलताना रडू येत नाही.

यामागचं कारण साधं आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. भेगांमुळे दगडाचे चौकोनी ठोकळे होतात. त्या भेगांतून पावसाचं पाणी शिरतं. दगडातल्या फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोहयुक्त खनिजं गंजतात. आता ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेनं हल्ला करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनाचा गोळा होतो. शाळेच्या पुस्तकात याला विदारण म्हणतात. विहीर खणणाऱ्या माणसाला पुस्तक न वाचताही कळतं की मुरूम संपून कातळ लागला म्हणजे आता सुरुंगाचा खर्च सुरू झाला.

पण हे कुजणं लाव्हा थंड झाल्यानंतरच सुरू झालं असं नाही. लाव्हा येत असतानाही ते चालू होतं. आजच्या व्याख्यानातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, तेव्हा इथं मी जरा रेंगाळणार आहे.

वरंधा किंवा आंबेनळी घाटातून जाताना काळ्या कड्यात मध्येच विटेच्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसतो. कुठं तो हाताएवढा जाड असतो, कुठं माणसाच्या उंचीचा. खेड्यातली माणसं त्याला सरळ गेरू म्हणतात. गाडीतून जाताना कोणी तिकडे बोट दाखवलं तर बाकीचे म्हणतात, "हो, माती आहे." तो पट्टा म्हणजे लाव्हानं घेतलेली विश्रांती आहे. एक थर आला, थंड झाला आणि पुढचा थर यायला वेळ लागला. त्या वेळात वरच्या पृष्ठभागावर ऊन-पाऊस पडला, दगड कुजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहत गेला आणि त्याच्या उष्णतेनं ती माती भाजून निघाली. म्हणून तो रंग. म्हणजे आपण कड्यात जी लाल रेघ पाहतो ती एके काळची जमीन आहे. तिच्यावर पाऊस पडला होता.

ही रेघ नुसती सुंदर आहे असं नाही. ती घड्याळ आहे. लाव्हाच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, झिरकॉनचे स्फटिक क्वचितच सापडतात आणि काळ मोजायला झिरकॉन फार उपयोगी, कारण त्यात युरेनियम असतं आणि त्याचं शिसं होण्याचा वेग ठाऊक आहे. पण विश्रांतीच्या काळात दुसरीकडे स्फोट होऊन उडालेली राख त्या मातीवर येऊन बसली आणि राखेत झिरकॉन होते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर नमुन्यांबरोबर अशा लाल थरांतली माती धुऊन, चाळून त्यातले डोळ्यांना न दिसणारे स्फटिक वेचले आणि त्यावरून २०१५ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दख्खनच्या लाव्हाचं वेळापत्रक मांडलं. त्या मोजणीनुसार मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपले, तेही सलग नव्हे तर झटक्याझटक्यानं. डायनोसॉर संपले तो काळ याच अवधीत येतो. त्यांना उल्केनं मारलं की आपल्या लाव्हानं, की दोघांनी मिळून, हा वाद अजून चालू आहे. त्या वादातला महत्त्वाचा साक्षीदार आपण ज्याला 'माती आहे' म्हणून सोडून देतो तो लाल पट्टा आहे.

एक गंमत सांगतो. या लाव्हाथरांना शास्त्रात नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. परदेशी विद्यापीठांतले प्राध्यापक ही नावं आपापल्या उच्चारात घेतात. ठाकुरवाडीतल्या कोणाला आपल्या वाडीचं नाव पृथ्वीच्या इतिहासातल्या एका पानाला दिलं आहे याची कल्पना आहे का, मला शंका आहे. निदान एखादी पाटी लावायला हरकत नव्हती.

लाल पट्ट्याचा आणखी एक उपयोग गुराख्यांना माहीत असतो. भाजलेली चिकणमाती असल्यानं ती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. वरच्या थरात मुरलेलं पाणी तिथं अडतं आणि कड्यातून बाहेर पडतं. उन्हाळ्यात डोंगरात पाण्याचा पाझर शोधायचा तर पुष्कळदा लाल रेघेच्या वरच्या बाजूला पाहावं लागतं.

आता जांभ्याकडे वळू. कुजण्याची शेवटची पायरी म्हणजे जांभा. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत लाखो वर्षं दगड धुतला गेला की त्यातली सिलिका आणि क्षार वाहून जातात. मागं राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम जास्त असेल तर तेच बॉक्साइट; कोल्हापूरच्या डोंगरात त्याच्या खाणी आहेत. या खडकाला शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरनं, १८०७ च्या प्रवासवर्णनात. मलबारात अंगाडीपुरम इथं लोक मऊ दगड कापून उन्हात ठेवतात आणि तो विटेसारखा घट्ट होतो, हे त्यानं पाहिलं. विटेला लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणतात, म्हणून लॅटेराइट. तिथं मूळ खडक बेसाल्ट नाही, तरी प्रक्रिया तीच. अंगाडीपुरमच्या त्या जागेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. म्हणजे कुजलेल्या दगडाला स्मारक म्हणण्याचा मान केरळनं आधीच मिळवला. महाराष्ट्रातलं लोणार त्या यादीत आहे, पण लोणार हे आकाशातून पडलेल्या आघाताचं स्मारक. सावकाशीचं स्मारक आपल्याकडे नाही.

वास्तविक आपल्याकडे जांभ्याची दोन मोठी दालनं आहेत. एक वरचं, पाचगणी-महाबळेश्वर-कासचं, हजार मीटरच्या वर. दुसरं खालचं, कोकणातले सडे. वरचं जुनं, खालचं नवं. पाचगणीच्या टेबललँडवर आपण सगळे गेलेलो आहोत, घोड्यावर बसलेलो आहोत, भुट्टा खाल्लेला आहे. पायाखाली जी सपाटी आहे ती लाव्हाथरांवर बसलेली जांभ्याची टोपी आहे, हे किती जणांनी ऐकलं? महाबळेश्वरचंही तेच. पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातून पाणी पडतं. त्या डोंगरावरच्या सच्छिद्र जांभ्यात पावसाळाभर पाणी मुरतं आणि ते सावकाश झऱ्यांना सोडलं जातं. मुरूम आणि मुरणं या शब्दांचं एकमेकांशी नातं आहे की नाही ते भाषेच्या पंडितांनी सांगावं. डोंगरात मात्र आहे.

कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो जीवसृष्टीसाठी. पण ती फुलं तिथंच का? कारण तो कातळ. त्यावर माती बोटभर, अन्नद्रव्यं जवळजवळ नाहीत, पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात तवा तापतो. झाडं वाढू शकत नाहीत म्हणून तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांना जागा मिळते. तिथली दवबिंदू ही वनस्पती किडे खाते, कारण जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही. फुलांच्या गर्दीत उभं राहून आपण फुलांचे फोटो काढतो. फोटोत खडक आला तर तो भाग कापून टाकतो.

कोकणात कातळशिल्पांचं असंच झालं. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कोरलेले हत्ती, मासे, माणसं यांच्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वांचं लक्ष गेलं. कशेळीचा हत्ती तर बाजूनं चालत जाऊनच बघावा लागतो, इतका मोठा. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. फार चांगलं झालं. पण जांभा नसता तर ती शिल्पं झाली असती का? मैलभर सपाट, उघडा, दगडी हत्यारानं खोदता येईल इतका मवाळ आणि खोदल्यावर टिकेल इतका चिवट कागद कोकणातल्या माणसाला दुसरा कुठला मिळाला असता?

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. घट्ट दगडाला वारसा म्हणवून घेणं सोपं जातं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहिले की कोणालाही वाटतं, हे काहीतरी विशेष आहे. २००७ मध्ये महापालिकेनं त्या टेकडीला वारसा दर्जाही दिला. मुरमाला असं रूप नाही. शिवाय तो खणायला सोपा. जेसीबीचा दात लागला की तो येतो. सरकारदरबारी तो गौण खनिज आहे. तो ब्रासनं मोजतात, शंभर घनफुटांचा एक ब्रास, रॉयल्टी भरून पावती घेतात, आणि पावती नसली तर रात्री नेतात. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याचा भर माणसानं घडवलेल्या गोष्टींवर. भूवारशासाठी केंद्रीय खाण मंत्रालयानं २०२२ च्या डिसेंबरात विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा होईपर्यंत भूवैज्ञानिक स्मारकाच्या पाटीमागं पाटीचंच बळ.

मी इथं उभा राहून तक्रार करतो आहे, तर कबुलीही देतो. माझ्या घराच्या जोत्यात आठ ब्रास मुरूम आहे. कुठल्या टेकडीतून आला ते मी कंत्राटदाराला विचारलं नाही. तेव्हा मी भूगर्भशास्त्र शिकवत होतो.

वीसेक वर्षं मी विद्यार्थ्यांना एका घाटातल्या एका कापाजवळ नेत असे. नाव सांगत नाही, रस्ता कोणाचा तेही नाही. त्या कापात सगळं एकाच ठिकाणी होतं: खाली काळा थर, मध्ये लाल पट्टा, वर सच्छिद्र दगड, त्यातल्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या, आणि डाव्या हाताला आमचे कांदे. मुलं आळीपाळीनं हात लावायची. एका वर्षी बस थांबवली आणि मला जागाच सापडेना. रस्ता रुंद झाला होता. काप आठ-दहा मीटर मागं गेला होता, त्याच्यावर जाळी मारून सिमेंटचा फवारा दिला होता. राखाडी भिंत. क्लीनर म्हणाला, "सर, आता दरड पडायची भीती नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सिमेंट मारणाऱ्या इंजिनिअरला मी दोष देत नाही, त्याला माणसं वाचवायची होती. पण तीनशे मीटर भिंतीतले पंधरा मीटर, जिथं उतार पक्का आहे तिथले, उघडे ठेवता आले असते. कोणी विचारलंच नाही. विचारणारा मी होतो आणि मी वीसेक वर्षं बस थांबवून पुढं जात होतो.

दरडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. मग २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक जागेची कारणं वेगळी, पण तीव्र उतारावर साचलेली कुजलेल्या दगडाची जाड रास आणि तिच्यात भिनलेलं पाणी हा धोका सगळ्या सह्याद्रीत आहे. कुठं कातळ आहे आणि कुठं रास, हे ओळखण्याची नजर उघड्या कापासमोर उभं राहूनच तयार होते. पुस्तकातल्या चित्रावरून होत नाही, हे मी माझ्या परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका तपासून सांगतो.

उत्तर आयर्लंडात 'जायंट्स कॉजवे' नावाचं ठिकाण आहे. तिथंही बेसाल्ट, आपल्यापेक्षा थोडा नवा. १९८६ पासून ते जागतिक वारशात आहे. प्रसिद्ध आहेत ते षटकोनी खांब. पण तिथल्या कड्यातही लाव्हाच्या दोन पर्वांमधला जाड लाल थर दिसतो आणि पायवाटेच्या कडेला लाल मातीत आपल्यासारखेच कांदे आहेत. त्यांना ते राक्षसाचे डोळे म्हणतात. बघा, एक नाव दिलं आणि मुलं थांबू लागली. त्याच भागात एकोणिसाव्या शतकात त्या लाल थरातून लोखंड आणि बॉक्साइट काढत असत. म्हणजे खणणारे तेही होतेच.

२०२५ च्या सप्टेंबरात पाचगणी आणि महाबळेश्वरचे दख्खन लाव्हाथर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. मला आनंद झाला. सरांना फोन करावासा वाटला. मात्र संभाव्य यादी म्हणजे प्रतीक्षा यादी, तिकीट पक्कं झालेलं नाही. आणि झालं तरी ते पाचगणीचं. तुमच्या गावामागच्या टेकडीचं कोण बघणार? तिच्यासाठी पॅरिसहून कोणी येणार नाही. जांभ्याच्या चिऱ्याची खाण बंद करा असं मी म्हणत नाही, कोकणात घर चिऱ्याचंच शोभतं. पण खाण संपते तेव्हा तिची एक भिंत तशीच ठेवता येते. अशा भिंतीत वर घट्ट लाल जांभा दिसतो, खाली ठिपक्याठिपक्यांची पांढुरकी चिकणमाती, त्याखाली पापुद्रे सुटलेला बेसाल्ट. ज्या खणण्यानं सडा फोडला त्याच खणण्यानं आतलं सगळं दाखवलं. ती भिंत कचऱ्यानं भरायच्या आत ग्रामपंचायतीनं एक ठराव केला तरी पुरे. शाळेची सहल तिथं पायी जाऊ शकते, बसचं भाडंही लागत नाही.

त्या घाटातल्या कापातला एक कांदा माझ्याकडे आहे. रस्ता रुंद व्हायच्या आधी एका विद्यार्थिनीनं मला बसमध्ये आणून दिला होता. मी तिला तेव्हा रागावलो होतो, जागेवरून दगड उचलायचा नाही म्हणून. तो मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. तो अजून पापुद्रे सोडतो. दर दिवाळीला आवरताना डबा उघडला की तळाशी चिमूटभर पिवळी माती असते. मागच्या वर्षी ती झटकून टाकायला गॅलरीत गेलो आणि टाकवेना. कुंडीतल्या तुळशीला घातली.